प्रश्न तुमचे : ड्यूकचं ॲव्हरेज जातं कुठं?

प्रश्न : माझ्याकडे नव्या पिढीची, ३९९ सीसीची केटीएम ३९० ड्यूक आहे. नोकरी पुण्यात आणि घर कराडला, त्यामुळे शनिवार-रविवार महामार्ग ठरलेलाच. गाडी लिटरला कसंबसं २४ देते. ऑफिसातल्या एकाकडे हीच गाडी आहे आणि तो ३१ मिळतं म्हणतो. आमचे आबा स्प्लेंडर चालवतात आणि घरी पोचलो की आधी पेट्रोलचा हिशेब विचारतात. सर्व्हिसिंग वेळेवर असतं, शोरूमवाले म्हणतात गाडीत दोष नाही. मित्र थापा मारतोय की माझंच काही चुकतंय? – एक वाचक, कराड

उत्तर : मित्र बहुतेक खरं बोलतोय आणि शोरूमवालेही. पत्रात तुम्ही सगळं लिहिलंत, फक्त साताऱ्याच्या पुढं मोकळा रस्ता लागला की काटा कितीवर असतो ते लिहिलं नाहीत. २४ या आकड्यावरून माझा अंदाज ११० ते १२० असा आहे. मित्राचा ८०-८५ असणार. दोघांच्या ॲव्हरेजमधला बहुतेक फरक तेवढ्यातच आहे.

याचं कारण वारा. फेअरिंग नसलेल्या गाडीवर ताठ बसलेला माणूस हवेच्या दृष्टीनं फार बेढब आकार असतो. हेल्मेट, खांदे, गुडघे, आरसे, सगळं हवेत अडतं. हवेचा हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चे १२० केले की वेग दीडपट होतो, पण रोध सव्वादोन पट. आणि तो रोध ढकलायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. गाडी, चालक आणि सामान मिळून अडीचशे किलो धरून मी कागदावर मांडणी केली. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाला चाकाशी साधारण ६ अश्वशक्ती लागते, १०० ला ११ आणि १२० ला १८ च्या पुढं. ८० लाच एकूण विरोधाचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त हवेचा असतो. टायर, बेअरिंग, चेन हे सगळं उरलेल्या पाव हिश्श्यात. म्हणून टायरची हवा आणि चेनचं तेल यांबद्दल लोक तासन्‌तास बोलतात तेव्हा मला गंमत वाटते. ते करावंच, पण खरी गळती उजव्या मनगटात आहे.

आता आबांच्या स्प्लेंडरकडे वळू, कारण तुमच्या घरातला खरा वाद तिथं आहे. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, जेमतेम ८ अश्वशक्तीचं. तिला ८० ला न्यायचं तर जवळजवळ सगळी ताकद कामाला लावावी लागते. तुमच्या ड्यूककडे आहे ४६. त्यातली ६-७ वापरली की बाकी सगळी नुसती सोबत येते. ती फुकट येत नाही हीच अडचण. इतकं मोठं इंजिन थोड्याच कामावर चालवायचं म्हणजे थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली. त्या फटीतून पिस्टनला हवा ओढून घ्यावी लागते आणि त्या ओढण्यात ताकद वाया जाते. शिवाय ८९ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन, चार व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, बॅलन्सर, पाण्याचा पंप, या सगळ्यांचं घर्षण तुम्ही ६ अश्वशक्ती वापरा की ४६, द्यावंच लागतं. एका माणसाच्या भातासाठी लग्नाचं पातेलं चुलीवर चढवलं तर सरपण पातेलं तापवण्यातच जाणार, तसं हे.

पण दोष नुसता सीसीचा नाही. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्या. ३४९ सीसी, म्हणजे तुमच्यापेक्षा फार लहान नाही, आणि वजनाला तर चांगलीच भारी. तरी शांतपणे चालवली तर ती पस्तिशीच्या घरात जाते. तिचा सिलिंडर ७२ मिलिमीटर रुंद आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, म्हणजे उंच आणि अरुंद. तुमचा ८९ रुंद आणि ६४ स्ट्रोक, म्हणजे बसका आणि रुंद. बसक्या इंजिनाचा पिस्टन कमी अंतर धावतो, त्यामुळे त्याला दहा हजार आरपीएमपर्यंत पळवता येतं. मोठे व्हॉल्व्ह बसतात, भरपूर हवा आत जाते आणि ताकद मिळते. पण हे सगळं वरच्या आरपीएमसाठी जुळवलेलं असतं. तीन हजारावर तेच इंजिन कुरकुरतं, मिश्रण नीट घुसळलं जात नाही, जळण्याचा वेग मंदावतो. एनफिल्डवाल्यांनी २० अश्वशक्तीवर समाधान मानलं आणि ॲव्हरेज मिळवलं. चाकणमध्ये तुमची गाडी बनवणाऱ्यांनी उलटा सौदा केला. तो सौदा पैसे मोजून तुम्हीच घेतलाय, त्यामुळे त्याबद्दल आता तक्रार नको. आबांना सांगा, ड्यूक कधीच ६० देणार नाही. ३०-३२ मात्र देऊ शकते.

ते कसं? पहिलं आणि सगळ्यात मोठं, महामार्गावर ८० ते ९० च्या मध्ये राहा. योगायोगानं केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादाही ताशी ८० च आहे, पण ती तुमच्या ३९० ला कुणी समजावून सांगितलेली दिसत नाही. वेळेचं काय म्हणाल, तर १०० किलोमीटरच्या मोकळ्या टप्प्यात ८५ आणि ११० यांच्यात फरक पडतो १६ मिनिटांचा. पेट्रोलचा फरक पडतो साधारण एक लिटरचा. सोळा मिनिटांना एक लिटर. परवडतं की नाही ते तुम्ही ठरवायचं.

दुसरं म्हणजे वेग धरून ठेवणं. पुढं ट्रक दिसतोय, तरी ११० ने त्याच्या मागच्या फळीपर्यंत जायचं, कचकन ब्रेक मारायचा, वाट मिळाली की पुन्हा पूर्ण रेस. आपल्याकडचे नव्वद टक्के जोरदार गाडीवाले असेच चालवतात. ब्रेकमध्ये गेलेली ताकद तुम्ही मघाशी पेट्रोल जाळून मिळवलेली असते आणि ती डिस्कच्या उष्णतेत संपते. वर पूर्ण रेस दिली की इंजिनाचा संगणक मिश्रण मुद्दाम पेट्रोलकडं झुकवतो, कारण तेव्हा त्याला ताकद हवी असते आणि इंजिन थंड ठेवायचं असतं. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर बघून मोजूनमापून पेट्रोल सोडायचं काम तो फक्त सौम्य रेसवर करतो. लांब नजर ठेवून ट्रक दिसताच रेस सोडली, तर ब्रेकला हात लावायची गरजच अर्ध्या वेळा पडत नाही.

गिअरबद्दल एक गैरसमज आहे. जितका वरचा गिअर तितकं ॲव्हरेज जास्त, हे एका मर्यादेपर्यंत खरं. मध्यम रेसवर गाडी सुरळीत ओढत असेल तर वरचा गिअर टाकावाच. आरपीएम कमी म्हणजे घर्षण कमी आणि झडप थोडी जास्त उघडी, दोन्ही फायद्याचं. पण सहाव्या गिअरमध्ये पन्नासवर येऊन रेस दिलीत तर सिंगल सिलिंडर ठोकायला लागेल आणि चेन झटके देईल. तो आवाज ऐकू आला की एक गिअर खाली, विचार न करता. ठोकणाऱ्या इंजिनात पेट्रोल वाचत नाही, मोडतोड मात्र होते.

आणि घाट. तुमच्या वाटेवर खंबाटकी आहे. अनेक जण उतरताना न्यूट्रल करून गाडी सोडून देतात आणि पेट्रोल वाचवल्याच्या आनंदात असतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं. बीएस-६ नंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, नव्या गाड्या जवळपास सगळ्याच इंजेक्शनच्या झाल्या. गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली आणि आरपीएम पुरेसा असला, तर संगणक इंजेक्टर बंदच करतो. उतार गाडीला ढकलतोय, गाडी इंजिनाला फिरवतेय आणि पेट्रोल लागतंय शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगचं पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जातं, इंजिनाचा ब्रेक हातचा जातो आणि वळणावर डिस्क तापून निघते. तिन्ही बाजूंनी तोटा.

तुम्ही बसता कसे तेही बघा. सैल, फडफडणारं जॅकेट आणि पाठीवर उभी सॅक ही दोन्ही हवा अडवतात. सामान पाठीवरून काढून मागच्या सीटवर आडवं, तुमच्या अंगाच्या आडोशात बांधा. दोन्ही बाजूंच्या रुंद पेट्या लडाखला न्यायच्या असतील तेव्हा लावा, कराड-पुण्याला नकोत. हवेचं महत्त्व किती, हे अमेरिकेत एका माणसानं फार मजेशीर पद्धतीनं दाखवलं होतं. क्रेग व्हेटर, मोटारसायकलच्या विंडजॅमर फेअरिंगचा जनक. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यानं कॅलिफोर्नियात इंधन-बचतीच्या स्पर्धा भरवल्या. अट अशी, की महामार्गाच्या वाहतुकीबरोबर चालायचं, रांगत जायचं नाही. पहिल्या वर्षांनंतर स्पर्धकांना कळून चुकलं की कार्ब्युरेटर खाजवत बसण्यात अर्थ नाही. त्यांनी गाड्या बुटक्या केल्या, चालकाला आडवा झोपवला, वर माशासारखं कवच चढवलं. १९८५ पर्यंत आकडा गॅलनला ४७० मैलांवर गेला, म्हणजे आपल्या हिशेबानं लिटरला सुमारे २०० किलोमीटर. इंजिनं लहान होती हे खरं, पण लहान इंजिनाला महामार्गाचा वेग झेपला तो कवचामुळं.

आता गाडीकडे. रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, टायरची हवा मोजा. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा खोटा येतो. मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच भरा. ॲव्हरेजसाठी चार-पाच पीएसआय जास्त भरणारे आहेत. ओल्या रस्त्यावर तुम्हाला तो सल्ला महागात पडेल. मग पॅडॉक स्टँडवर मागचं चाक उचला, न्यूट्रल करा आणि हातानं जोरात फिरवा. नीट असेल तर काही फेरे सहज घेतं. अर्ध्याच फेऱ्यात थांबलं आणि खर्र असा सलग आवाज आला, तर कॅलिपरचा पिस्टन मागे सरकत नाहीये आणि तुम्ही दिवसभर ब्रेक लावून गाडी चालवताय. पावसाळ्यानंतर हे फार गाड्यांत होतं आणि सर्व्हिसच्या यादीत खूण करूनही राहून जातं. चेनला बोट लावा. कोरडी, तांबूस लागली तर धुवून ल्यूब मारा, चेन फार ताणली असेल तर तीही सैल करा. एअर फिल्टर चोंदला तर इंजेक्शनच्या गाडीत ॲव्हरेजपेक्षा पिकअप आधी जातो, कारण हवा कमी आली की सेन्सर पेट्रोलही कमी करतो. तरी वेळेवर बदलाच.

पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नका. पुढचं स्प्रॉकेट एका दात्यानं मोठं करण्याचा सल्ला मात्र निव्वळ थाप नाही. आरपीएम खरंच उतरतो. पण मग शहरात सहावा गिअर शोभेचा होतो आणि निम्मा वेळ क्लच ओढण्यात जातो. मी करणार नाही.

आणि हे सगळं करण्याआधी मोजायला शिका. डिस्प्लेवरचा आकडा संगणकाचा अंदाज असतो, त्यावर मित्राशी पैज लावू नका. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, गाडी सरळ उभी धरून टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वर थेंब-थेंब कोंबायचं नाही. ट्रिप मीटर शून्य करा. दोन-अडीचशे किलोमीटरनंतर तिथंच, तशीच फुल करा आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरनी भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, सलग तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. कंपनीच्या जाहिरातीतला आकडाही बाजूला ठेवा. तो चाचणीशाळेत रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार काढलेला असतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये अशाच चाचण्या होतात आणि तिथं कात्रजचा ट्रॅफिक नसतो.

शेवटी आबांसाठी रुपयांतला हिशेब. महिन्याला ८०० किलोमीटर धरले तर २४ ने ३३ लिटरच्या वर लागतं आणि ३१ ने २६ च्या आत. लिटरमागं शंभर रुपये धरले तरी वाचतात साडेसातशे. वाईट नाहीत, पण तुमच्या गाडीच्या मागच्या टायरची किंमत एकदा विचारून बघा. रेस कमी केल्याचा खरा फायदा तिथं आणि चेन-स्प्रॉकेटच्या सेटमध्ये होतो.

प्रश्न : पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढवल्यापासून माझ्या आरसी ३९० चं ॲव्हरेज बरंच पडलंय. पॉवर पेट्रोल भरलं तर भरून निघेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडं पडणारच. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते आणि आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत त्याच्या निम्मी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्क्यांची घट धरली होती. म्हणजे आधी ३० मिळत असेल तर आता २९ मिळेल. तुमचं ‘बरंच’ म्हणजे २४ असेल, तर दोष इथेनॉलवर ढकलून चालणार नाही. आधी वरच्या उत्तरातलं चाक फिरवून बघा.

पॉवर पेट्रोलचं म्हणाल तर जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नव्हे. ऑक्टेन सांगतं की इंधन ठोकल्याशिवाय किती दाब सोसतं. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर ठोकत नसेल तर महाग पेट्रोलनं त्याला काही मिळत नाही. त्यात इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन चांगलंच वरचं, त्यामुळे आजचं साधं पेट्रोल या बाबतीत पूर्वीपेक्षा सरस आहे. काळजी घ्यायची ती एवढीच, की इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. बाकी, गाडीवाला म्हणून आपण पंपावर जे गमावतो त्यातलं काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत जमा होतं. घरात ऊस असेल तर हिशेब बरोबरीत सुटला म्हणा.

प्रश्न : सासऱ्यांची राजदूत ३५० पुन्हा चालू केली आहे. लिटरला २० सुद्धा देत नाही. मेकॅनिक म्हणतो जेट बारीक टाकू, ॲव्हरेज वाढेल. टाकावं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून बनवलेली ही गाडी म्हणजे यामाहाची आरडी ३५०, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जायचं आणि ताजं मिश्रण आत यायचं दार एकाच वेळी उघडं असतं, त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. तिच्या ॲव्हरेजची ओरड तेव्हाही एवढी होती की कंपनीनं ३०.५ अश्वशक्तीच्या ‘हाय टॉर्क’ नंतर २७ अश्वशक्तीची ‘लो टॉर्क’ आणली. तेव्हा बाजारात शंभर सीसीच्या जपानी गाड्या येत होत्या, तिथं हिचा निभाव लागणं कठीणच होतं.

बारीक जेटनं मिश्रणात पेट्रोल कमी होतं हे खरं, पण टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोल पिस्टनला थंडही ठेवत असतं. मिश्रण कोरडं झालं की महामार्गावर पूर्ण रेसमध्ये पिस्टन सीज होतो आणि मागचं चाक जागेवर लॉक होतं. त्याऐवजी दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून घ्या, फ्लोटची पातळी तपासा, क्रँकचे सील हवा ओढत नाहीत ना ते बघा आणि टूटी तेलाच्या पंपाची खूण मिळवा. हे सगळं जागेवर आलं की लिटरला दोन-तीन किलोमीटर आपोआप वाढतात. त्यापुढं तिच्याकडून मागू नका.

वाचकांना एक विनंती : पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाडीचं मॉडेल, साल, महामार्गावरचा नेहमीचा वेग आणि टाकी फुल करून काढलेलं ॲव्हरेज कळवा. डिस्प्लेवरचा आकडा नको.